अमेरिकेतलं इलेक्टिव्ह : अर्ज भरण्याआधी वाचा

मंडळी, इलेक्टिव्ह म्हणजे मेडिकलच्या विद्यार्थ्याने तिथल्या हॉस्पिटलात थोडे दिवस प्रत्यक्ष काम करत शिकणं; ते विद्यार्थी असतानाच करता येतं. डिग्री हातात पडली की साधारण ऑब्झर्व्हरशिपच उरते, म्हणजे पेशंटला हात न लावता मागे उभं राहणं. त्यामुळे ‘नंतर बघू’ नको.

बरेच अर्ज व्हीएसएलओ या इलेक्टिव्हच्या ऑनलाइन पोर्टलवरून जातात, पण कॉलेज तिथे नोंदलेलं असेल तरच. नसेल, तर थेट अर्ज घेणारी विद्यापीठं शोधा. काही विद्यापीठं स्टेप १, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरी परवान्याची पहिली परीक्षा, आधीच मागतात.

सगळ्यात जास्त घोळ लसीकरणाच्या फॉर्मवर होतो. बाळपणीचं लसीचं कार्ड बहुतेक ठिकाणी पुरत नाही; हिपॅटायटिस बी, गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या यांचे अँटीबॉडी टायटर (रक्तात प्रतिपिंडं किती आहेत ते दाखवणारी चाचणी) काढा. आपल्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे टीबीच्या लसीचा वण, त्यामुळे टीबीची त्वचाचाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. माझा हात १४ मिमी फुगला आणि एक्स-रेच्या खेपांत आठवडा गेला. चालत असेल तिथे सरळ इग्रा करा, ती टीबीचीच पण रक्तावरची चाचणी आहे, बीसीजीमुळे फसत नाही.

व्हिसा बी-१. व्हिसाच्या मुलाखतीला आपल्या कॉलेजच्या डीन ऑफिसचं पत्र लागेल. ‘हे इलेक्टिव्ह अभ्यासक्रमाचा भाग आहे’ हे वाक्य त्यात आहे ना, ते पत्र घेतानाच ऑफिसच्या खिडकीवर तपासा. पगार मिळत नाही, फी उलट आपणच भरतो. मालप्रॅक्टिस विमा (उपचारात चूक झाल्याच्या दाव्यासाठीचा) कोण काढणार, तेही मेलवर विचारून ठेवा.

ज्यांचे टायटर व्हायचेत त्यांनी इथेच हात वर करा, लॅबला एकत्र जाऊ.