पडद्याचा हिरवा झगा आणि आईचा शालू

ऑस्टिन, ऑक्टोबर २०१४

ती. आई-बाबा,
सा. न.

इथल्या विद्यापीठाच्या हॅरी रॅन्सम सेंटरमध्ये ‘गॉन विथ द विंड’ या जुन्या हॉलिवूड सिनेमाचं प्रदर्शन लागलं आहे. ९ सप्टेंबरला सुरू झालं, ४ जानेवारीपर्यंत आहे. त्यात नायिका स्कार्लेट झालेल्या व्हिव्हियन लीचे तीन मूळ पोशाख मांडलेत. बाबा, ही बाई दार्जिलिंगला जन्मलेली, १९१३ साली.

आई, पडद्यांचा तो हिरवा झगा तुला नक्की आठवेल. कराचे तीनशे डॉलर मागायला जायचंय आणि गरिबी तर दिसता कामा नये, म्हणून स्कार्लेट आईच्या वेळचे मखमली पडदे उतरवून शिवून घेते, तो. सिनेमात कमरेला पडद्याचाच गोंडेवाला दोर आहे, तोही आहे. जवळ गेलं की मखमलीवर फिके पट्टे दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, पंचाहत्तर वर्षांत विटला. पण हे पट्टे चित्रीकरणाच्या वेळेपासूनचे आहेत. खिडकीत वर्षानुवर्षं टांगलेला पडदा चुणीच्या उंचवट्यावर उन्हाने उडतो आणि खोबणीत गडद राहतो. सिनेमाचे कपडे आखणाऱ्या वॉल्टर प्लंकेटला कापड तसंच दिसायला हवं होतं. २०१० साली लोकांकडून तीस हजार डॉलर जमवून या कपड्यांची डागडुजी झाली. त्यात कुणी हौसेने रंग ‘सारखा’ करून टाकला असता, तर झग्याची सगळी गंमतच गेली असती.

डागडुजी म्हणजे नवं करणं नव्हे. असं कापड धूत नाहीत. विरलेल्या जागी आतून अस्तराचा तुकडा लावून बारीक सुईने, सैल टाके घालतात. टाका ओढून घेतला की जुना धागा तिथेच कापला जातो.

खरी मेहनत झगा चढवायच्या पुतळ्याची. तो कपड्यापेक्षा एक माप लहान घ्यायचा आणि पॉलिएस्टरचं वॅडिंग, म्हणजे कापसासारखं मऊ भरण, भरून नेमका करायचा. मापं नटीच्या अंगाची नाहीत, कपड्याच्या आतून घ्यायची. पुतळा मोठा झाला तर पाठीच्या हुकांपाशी फाटतं. लहान राहिला तर सगळा भार खांद्याच्या शिवणीवर येतो. घेराचं वजन आतल्या परकराने कमरेवर पेलायला हवं. हे नीट जमलंय की नाही ते खांद्याकडे बघून कळतं: तिथे तिरप्या ओढीच्या रेषा नसाव्यात.

दालनात अंधार वाटतो, बाबा तर आत पाऊल टाकताच कुरकुरतील. पण जुन्या कापडावर पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड टाकत नाहीत. वाचायच्या टेबलावर तीनशेच्या पुढे असतो. उजेडाने झालेलं नुकसान साठत जातं, कपाटात ठेवल्याने भरून येत नाही. आत शिरल्यावर पाचेक मिनिटं थांबलं की मणी, पिसं, शिवण सगळं दिसू लागतं.

आता तुझ्या शालूचं. दिवाळीआधी कपाट आवरशीलच. हँगरला अडकवू नकोस, जरीच्या वजनाने रेशीम उतरतं. प्लॅस्टिकची पिशवी आणि वर्तमानपत्र, दोन्ही काढून टाक: पिशवीत दमटपणा कोंडतो आणि कागदातलं आम्ल कापडात उतरतं. कोरं मांजरपाट दोनदा धू, खळ पूर्ण जाऊ दे, आणि त्यात गुंडाळ. घडीच्या मोडीत जुन्या मलमलीची वळकटी ठेव, म्हणजे मोड धारदार पडत नाही. दर तीन-चार महिन्यांनी घडी बदल. डांबरगोळी जरीला टेकू देऊ नकोस.

आणि ऊन दाखवायची आपली सवय सोड. सावलीत, वारा लागेल असा तासभर पसर, पुरे. नव्या घडीच्या वेळी जुन्या मोडीवरून इस्त्री फिरवू नकोस. तिथला धागा आधीच अर्धा तुटलेला असतो.

तुमची लेक