बाबा, ती पटाशी माझ्यासाठी ठेवा

नॅशव्हिल

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार,

बाबा, परवा फोन ठेवल्यावर बराच वेळ झोप लागली नाही. "चाळीस वर्षं तंबोरे केले, नाव झालं ते गाणाऱ्यांचं," असं म्हणालात आणि लगेच माझ्या जेवणाचं विचारलंत. तेव्हा काही बोलता आलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

हे शहर म्हणजे कंट्री संगीताची, अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांची, पंढरी. इथे गाय क्लार्क नावाचा गायक-गीतकार होऊन गेला. जन्म 1941चा, टेक्सासातल्या मोनाहन्स गावचा. कुणाचं गाणं कितव्या नंबरावर, याची इथे सतत मोजदाद चालते. त्यात क्लार्कच्या स्वतःच्या आवाजातलं गाणं 38व्या नंबराच्या वर कधी गेलं नाही. त्यानंच लिहिलेलं एक गाणं रिकी स्कॅग्ज या गायकानं गायलं आणि 1982 साली ते पहिलं आलं. क्लार्क मात्र लिहीत राहिला. रॉडनी क्रोवेल, स्टीव्ह अर्ल ही तेव्हाची तरुण पोरं त्याच्याकडे पाहत लिहायला शिकली. 2014 साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्याला ग्रॅमी हा संगीतातला मोठा पुरस्कार मिळाला. आणि बाबा, घराच्या तळघरात तो स्वतःच्या हातानं गिटारी बनवायचा! कामाच्या टेबलाशी बसलेला त्याचा फोटो पाहिला आणि मला मिरजेतले तुम्ही दिसलात, जवारी काढताना, तारेचा नाद नीट लागेपर्यंत घोडीवर कान लावून बसलेले. मी हाक मारली तरी तुम्हाला ऐकू यायची नाही.

त्याचं वडिलांवरचं एक गाणं आहे. वडील वकील. युद्धावर निघाले तेव्हा बायकोनं त्यांना एक सुरी दिली होती. लहानपणी यानं ती मागून नेली, झाडात रुतवायला गेला आणि टोकाचा अर्धा इंच तुटला. वडिलांनी एका शब्दानं बोल न लावता ती खणात ठेवून दिली. ते गेल्यावर त्यांच्या वस्तूंतलं काय हवं, असं विचारलं तेव्हा यानं ती सुरी मागितली. तोवर त्याला रडूही आलं नव्हतं.

बाबा, मी सहावीत होते. गणपतीच्या मखरासाठी तुमची बारीक पटाशी न विचारता घेतली आणि खिळ्यावर मारून तिची धार उडवली. तुम्ही ती हातात घेऊन उजेडात धरलीत, कापडात गुंडाळलीत आणि खालच्या खणात ठेवलीत. मला म्हणालात, "हात दाखव, लागलं का?" एवढंच.

आई, ती अजून तिथेच आहे ना, बघ. दिवाळीला येतेय. त्या मुलासारखं मला नंतर मागायचं नाही, तुमच्याच हातून घ्यायची आहे. आणि माझ्या तंबोऱ्याचा खर्ज इथल्या थंडीत बसलाय, येताना घेऊन येते. या वेळी जवारी काढताना मला शेजारी बसू द्या.

तुमची लेक