अर्ज माहेरच्या कोर्टातही चालतो

मा. संपादक,

कापूस वेचून, केळीच्या बागेत राबून घर चालवणाऱ्या खान्देशातल्या कितीतरी बाया मारहाणीला कंटाळून माहेरी येतात आणि ‘केस सासरच्या गावीच लागते’ या समजुतीपायी वर्ष घालवतात. तसे अजिबात नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार बाई तात्पुरती राहते तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. घटनेचा अहवाल याच कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी तयार करतात. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो.

अर्ज लंगडा पडतो तो तपशिलात. ‘नेहमी मारतो’ एवढ्याने भागत नाही. ‘पोळ्याच्या आदल्या रात्री, लाकडाने, डाव्या मनगटावर’ असे लिहा, दवाखान्याचा कागद जोडा. नवरा सुरतेला कामाला असेल तर खोलीचा आणि कारखान्याचा, दोन्ही पत्ते द्या. नाहीतर नोटीस परत येते आणि तारखांवर तारखा पडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात, म्हणून अर्ज लांबवू नका.

आणखी एक. बाईच्या बँक खात्याला बऱ्याचदा नवऱ्याचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. मजुरी जमा झाल्याचा मेसेज आधी त्याला जातो, पैसेही तोच काढतो. पासबुक, आधार घेऊन बँकेत जा आणि पहिल्याच आठवड्यात नंबर बदला. मुकादमांनीही बाईची मजुरी तिच्याच हातात द्यावी, ही कळकळीची विनंती.

– महिला समुपदेशन कार्यकर्त्या, चोपडा