एकच जिल्हा, धोके मात्र वेगळे

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातील आंबेघर, मीरगाव इथे दरडींखाली माणसे गाडली गेली. माणदेशात मात्र पावसाने ओढ दिली की टँकर आणि चारा छावण्यांची वाट पाहावी लागते. मग जिल्ह्याच्या सरासरीला अर्थ काय? पर्जन्यमापक असतो महसूल मंडळाच्या, म्हणजे अनेक गावांच्या गटाच्या, मुख्य गावी. डोंगरापलीकडच्या वाडीतला पाऊस त्यात कुठे मोजला जातो? गावागावांत पर्जन्यमापक हवेत. कुठला उतार खचतो, कुठल्या ओढ्याचे पाणी घरात शिरते, याचा नकाशा ग्रामपंचायतीत लावा. जुन्या माणसांना विचारूनच तो करा. त्यांना ही माहिती तोंडपाठ असते.

– एक वाचक, कराड