टॉवेलवरचा टालर

श्री. काका,
सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही चहा टाकायला उठता. म्हणून हे जाहीर पत्र.

जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग शहराचा तो १६४१ चा टालर, म्हणजे चांदीचं जुनं मोठं नाणं, ‘उत्तम स्थिती’ म्हणून माझ्या गळ्यात मारला गेला होता. वरची कड खटकली म्हणून विचारलं, तर विकणारा म्हणाला, एवढ्या जुन्या नाण्याला इतकं चालायचंच. दुसऱ्या एका बड्या व्यापाऱ्याने नाण्याकडे न बघताच ‘आमच्याकडून घेतलंय का?’ म्हटलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. चांदीचा भाव तोंडपाठ, पण दोन मिनिटं द्यायची म्हटलं की जिवावर येतं!

तुम्ही भिंग लावून नाणं सावकाश फिरवलंत. सम्राट तिसऱ्या फर्डिनांडच्या डोक्याच्या बरोब्बर वर चांदीचा रंग किंचित निराळा आणि किनार घासलेली. कोणीतरी कधीतरी कडी डाखवून ते गळ्यात घातलं होतं, आणि नंतर कडी काढून खूण बुजवली होती. शहराचं चित्र असलेले टालर देखणे, म्हणून बऱ्याच जणांच्या नशिबी हे येतं, म्हणालात.

एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही जुना टॉवेल काढलात, चार घड्या घालून टेबलावर पसरलात आणि स्वतःच्या संग्रहातला १६४१ चाच टालर माझ्या हातावर ठेवलात. प्लॅस्टिकच्या पाकिटातला नव्हे, उघडा. “कडेने धर. पडला तरी टॉवेल आहे.”

जवळजवळ २९ ग्रॅमचा तो भार अजून बोटांना आठवतो. बुरुज, मनोरे, शहराची खूण असलेलं पाइनचं फळ. वेढ्यात आणि उपासमारीत शहराची धूळधाण झाली, ४५ हजारांतली जेमतेम १६ हजार माणसं १६३५ मध्ये उरली, आणि सहाच वर्षांनी नाण्यावर मात्र एक कौलही हललेलं नाही! हे तुम्ही सांगितलंत तेव्हा माझा व्यापाऱ्यांवरचा राग मी पार विसरलो होतो.

नवख्याच्या हातात आपली सर्वांत जपलेली वस्तू देणारी माणसं कुठल्याही छंदात मोजकीच असतात. असतात म्हणून छंद टिकतात, नाहीतर उरते ती नुसती दुकानदारी.

रविवारी मोकळे असाल तर हॅम्बुर्गचं एक नाणं दाखवायचंय. कड मी आधी तपासून आणतो.

तुमचा,
नवखा