शिंगावरच्या खाचा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तू पाठवलेला फोटो पाहिला. दगडावर टेकवलेलं मारखोराचं डोकं, मागे हसणारा परदेशी शिकारी, आणि खाली तुझा प्रश्न : 'ह्याला संवर्धन म्हणायचं?' एका ओळीत उत्तर देण्यासारखा हा प्रश्न नाही. आधीच सांगून टाकतो, त्या हसणाऱ्या माणसाची वकिली मला करायची नाही. भिंतीवर डोकं टांगायला एक-दोन लाख डॉलर मोजणाऱ्याबद्दल तुझं जे मत, तेच माझं. पण त्याला परवाना विकणारं गाव वेगळं, आणि त्या गावाचा न्याय वेगळा करावा लागतो. आपण दोघांना एकाच पिंजऱ्यात उभं करतो, तिथेच घोळ होतो.

मारखोर म्हणजे पिळदार शिंगांचा रानबोकड, पाकिस्तानचा राष्ट्रीय प्राणी. फारसीत नावाचा अर्थ 'साप खाणारा'. बिचारा खातो गवत आणि झाडपाला! नराची शिंगं दीड मीटरपर्यंत वाढतात, मादीची जेमतेम वीतभर.

बलुचिस्तानातल्या तोरघरच्या डोंगरांत 1980 नंतर काय झालं ते बघ. शेजारी अफगाणिस्तानात युद्ध, त्यामुळे कलाश्निकोव्ह घरोघर आणि गोळ्यांना तोटा नाही. मारखोर शंभराच्या आतबाहेर उरले. तेव्हा तिथले नवाब तैमूर शाह जोगेझई यांनी सरकारची वाट न बघता टोळीतल्याच माणसांना राखणदार नेमलं. सुरुवातीला सात जण. त्यांचा पगार कुठून काढायचा? वर्षाला मोजक्याच म्हाताऱ्या नरांची शिकार परदेशी पाहुण्यांना विकून. पुढच्या वीसेक वर्षांत गणती दोन हजारांच्या वर गेली. 1997 मध्ये 'साइट्स' या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांनी साऱ्या पाकिस्तानला मिळून वर्षाला सहा मारखोरांचा कोटा दिला, 2002 मध्ये तो बारा केला. परवान्याच्या रकमेतले 80 टक्के गावांना, 20 टक्के सरकारला. 2015 मध्ये आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेने ही जात 'धोक्यात'च्या यादीतून दोन पायऱ्या खाली, 'धोक्याच्या जवळपास' अशी नोंदवली.

पण सगळी मदार आहे ती कोणता बोकड निवडला यावर. हिवाळ्यात शिंगाची वाढ थांबते आणि दरवर्षी एक खाच उरते. शिंग बुंध्याकडून वाढतं, म्हणजे टोक सर्वांत जुनं. मोजायचं टोकाकडून. पहिल्या वर्षाची खाच बहुतेक झिजलेली असते, तिचा हिशेब मनात धरायचा. त्यापुढचे दोन-तीन टप्पे लांबलचक, मग अंतर कमी होत जातं आणि बुंध्याशी खाचा एकमेकींना चिकटतात. म्हणून लांब शिंग म्हणजे म्हातारा नर, असं नसतं. पाच वर्षांचा तगडा बोकडही दुरून डोळे दिपवतो. पिळामुळे सगळ्या खाचा एका बाजूने दिसत नाहीत. दुर्बीण तिकाटण्यावर लावून, त्याने मान वळवेपर्यंत बसून राहावं लागतं. गळ्याची आयाळ छातीखाली उतरली आहे का, रंग पांढुरका झाला आहे का, हेही बघायचं. आठ-नऊच्या पुढचा असेल तर त्याने दोन-तीन माजाचे हंगाम गाजवलेले असतात. रानात तो तसाही बारा-तेरा वर्षांपलीकडे क्वचितच जातो.

घात होतो तो इथेच. पाहुणा दहा दिवसांसाठी आलेला असतो, नववा दिवस उजाडतो, म्हातारा दिसत नाही. मग 'हाच घ्या' म्हणून पाच वर्षांचा पडतो, कारण पाहुण्याला खाचा नकोत, इंच हवेत. वर्षानुवर्षं असंच होत राहिलं तर काय होतं, ते कॅनडात दिसलं. आल्बर्टातल्या राम माउंटनवर मोठ्या शिंगांचे मेंढे माजात येण्याआधीच टिपले गेले, आणि तीसेक वर्षांत त्या कळपाची शिंगंच आखूड होत गेली. 2003 मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात ते छापून आलं. दुसरा घात गणतीचा. शेजारच्या दोन खोऱ्यांत वेगवेगळ्या दिवशी मोजलं की तोच कळप दोनदा धरला जातो, आणि फुगलेल्या आकड्यावर कोटा मागितला जातो. तिसरा घात पैशाचा. 80 टक्के कागदावर सोपे आहेत. समितीच्या खात्यातून राखणदाराच्या हातात किती पडले, हे विचारणारा गावात कुणी हवा. पगार दोन महिने थकला की राखणदार पुन्हा शिकारी होतो. बंदूक त्याच्याकडे आहेच.

ह्यावरून सिंहाची शिकारही योग्य, असं म्हणू नकोस. मारखोराचा म्हातारा नर गेला तर करडांचं काही बिघडत नाही, ती आईमागे असतात. सिंहाचं तसं नाही. कळपाचा नर मेला की नवा नर येतो आणि आधीची पिल्लं मारतो. एका गोळीत चार-पाच जीव जातात. म्हणून सहा वर्षांखालचा नर मारू नये, असा नियम टांझानियाने केला, आणि वय नाकाच्या काळेपणावरून ओळखायचं. झुडपाआड, तिन्हीसांजेला, आमिषावर आलेल्या सिंहाचं नाक निरखायचं! माझा त्यावर भरवसा नाही. 2015 मध्ये झिम्बाब्वेत मारलेल्या सेसिल नावाच्या सिंहाच्या गळ्यात तर ऑक्सफर्डच्या अभ्यासकांचा जीपीएस पट्टा होता, आणि तो ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर टिपला गेला.

तू म्हणशील, ताडोबासारख्या जिप्सी का नाही चालवत? तोरघरात रस्ता नाही, हॉटेल नाही, आणि त्या भागात सहलीला जाणार कोण? ताडोबाला जेवढ्या लोकांनी गेटवर पैसे भरून वाघ बघितला, तेवढे लोक तिथे सात जन्मांत जायचे नाहीत. आपल्याकडेही मारखोर आहे, काश्मीरच्या काझीनाग आणि पीर पंजाल भागात. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत असल्याने शिकारीचा प्रश्नच नाही, तरी संख्या काही शेच आहे. बंदी मला हवीच आहे, पण बंदीने पाळीव बकऱ्यांचे कळप मारखोराच्या कुरणातून हटत नाहीत.

एक काम कर. तो फोटो मोठा कर आणि डाव्या शिंगावरच्या खाचा टोकाकडून मोज. सहाच्या आत भरल्या तर त्या गावावरही मी तुझ्याइतकाच चिडेन. आकडा कळव.

तुझा,
अनिरुद्ध