तुम्ही आईला विचारलंत

ताई,

सप्रेम नमस्कार.

मी तुम्हाला आठवत असेन की नाही, माहीत नाही. तुमच्या टेबलापुढून रोज कितीतरी माणसं जातात. हिरव्या काठाचं जुनेर नेसलेली एक म्हातारी आणि कागदांची पिशवी छातीशी धरून तिच्या मागं उभी असलेली तिची लेक, एवढी खूण सांगते. ती लेक मी. वयानं तुम्ही माझ्या मुलीएवढ्या असाल, तरी ताईच म्हणते. दुसरं काही तोंडात येत नाही.

हे पत्र नुसतं तुमच्या हाती दिलं असतं तर तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं असतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. त्यात काय होतं ते लोकांनाही कळू दे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्यावर आईला त्यांची फौजेची पेन्शन सुरू व्हावी म्हणून, तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसऱ्या एका कार्यालयात तीन हेलपाटे घातले होते. वडूजहून पहाटेची एसटी धरायची, आईला धरून चढवायचं, उतरवायचं. तिचे गुडघे गेलेत. तिथं कुणी तिला बस म्हटलं नाही, आणि तेही मी सोसलं असतं. पण तिसऱ्या खेपेला तिथल्या माणसानं कागद माझ्याकडे सरकवले आणि तिच्या देखत मला विचारलं, "ही बाई त्यांचीच बायको कशावरून?"

भानगड एवढीच होती की लग्नानंतर लगेच अण्णांनी पलटणीत नाव कळवलं, ते तिचं माहेरचं. आधारवर आहे ते सासरचं. आमच्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहितात आणि पोरीचं जुनं नाव तिथंच पुसलं जातं. असल्या दोन-दोन नावांच्या बायका त्या साहेबांच्या स्वतःच्या घरातही असतील. आईनं कनवटीचं अण्णांचं मेडल काढून टेबलावर ठेवलं, तर "याचं काय करू? कागद आणा" म्हणून त्यांनी ते पेनाच्या टोकानं बाजूला सारलं. हाताचं बोटही लावलं नाही.

परतीच्या एसटीत आई वडूजपर्यंत गप्प होती. स्टँडवर उतरताना म्हणाली, "मग मी कोन व्हते गं त्यांची?"

चोपन्न वर्षांचा संसार, ताई.

अण्णांबद्दल तुम्ही त्या दिवशी विचारलंत आणि मला धड सांगता आलं नाही, रडूच यायला लागलं. आता सांगते.

अण्णा १९६४ साली बेळगावला भरती झाले, मराठा लाइट इन्फंट्रीत. पुढं पहिल्या बटालियनमध्ये गेले, तीच जंगी पलटण. १७६८ साली उभी राहिलेली पलटण आहे ही, याचा त्यांना फार अभिमान. कुणी "तुम्ही मिलिटरीत होतात ना?" असं विचारलं तर ते "जंगी पलटण" एवढंच सांगायचे आणि गप्प बसायचे. लढाईच्या गोष्टी सांगणारा माणूस नव्हता तो. आम्ही पोरं हट्ट धरायचो तेव्हा एकच गोष्ट मिळायची, जमालपूरची.

डिसेंबर १९७१, बांगलादेशची लढाई. पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला रस्ता अडवून बसलेली. शहरात पाकिस्तानची एकतीस बलूच पलटण. ब्रिगेडियर क्लेरसाहेबांनी "शरण या" असं पत्र तिथल्याच एका माणसाच्या हाती शत्रूकडे धाडलं. तिकडच्या कर्नलचं उत्तर आलं, त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. मग १० तारखेच्या रात्री शत्रू अंधाराचा फायदा घेऊन बाहेर पडायला निघाला आणि जंगी पलटणीवर येऊन आदळला. यापुढचं अण्णा सांगायचेच नाहीत. आम्ही "मग? मग?" करायचो आणि ते म्हणायचे, "त्या मानसाची कमाल. हातात काठीसुद्धा नाय, आन् निरोप घिऊन गेला, परत बी आला." एवढ्या मोठ्या लढाईतलं त्यांना तेवढंच सांगावंसं वाटायचं. पुढे मोठेपणी मी जमालपूरबद्दल वाचलं तेव्हा कळलं, अण्णा कसल्या रात्रीतून परत आले होते ते.

वडुजात दर ९ सप्टेंबरला ते हुतात्मा स्मारकावर जायचे. १९४२ साली कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि त्यांच्यासोबतचे मिळून नऊ जण गेले, तो दिवस. अण्णा त्या वेळी जन्मलेलेही नव्हते. पण आदल्या रात्री बूट पॉलिश करून ठेवायचे. मी लहानपणी विचारलं होतं, तुम्ही तर खरे सैनिक, तुम्ही कशाला तिथं जाता? तर म्हणाले, "माझ्या हातात बंदूक व्हती. त्यांच्या हातात नुसता झेंडा. छाती कुणाची मोठी, तूच सांग."

१९७९ ला पेन्शनवर आले. नंतर वीस वर्षं रखवालदारी केली, रात्रपाळीची. रात्रपाळी संपवून घरी यायच्या आधी हायस्कूलच्या मैदानावर जायचे. भरतीची तयारी करणारी पोरं तिथं असायची. सोळाशे मीटरला पोरगं किती सेकंद कमी पडतंय हे अण्णांच्या घड्याळाला ठाऊक. एक पैसा घेतला नाही कुणाकडून. उलट कुणाला बूट नसले की आईच्या डब्यातले पैसे कमी व्हायचे. आई कुरकुरायची, पण डब्याची जागा काही तिनं कधी बदलली नाही.

गेल्या पावसाळ्यात ते गेले. झोपेतच. सत्काराला, झेंडावंदनाला, गणपतीच्या आरतीला ज्यांनी "आमच्या गावचे वीर जवान" म्हणून त्यांना शेजारी बसवून फोटो काढून घेतले, त्यांतले कुणी आले नाहीत. पाऊस होता म्हणे. मैदानावरची पोरं आली. कुणी आता हवालदार आहे, कुणी पोलिसात, एकजण रजा काढून पुण्याहून मोटरसायकलवर भिजत आला. तिरडीला खांदा द्यायला त्यांनी घरातल्यांना जागाच ठेवली नाही. चालताना सगळ्यांची पावलं एका तालात पडत होती. कुणी सांगितलं नव्हतं.

तर अशा माणसाची बायको घेऊन मी तुमच्यापुढे उभी होते. खरं सांगते, चौथ्यांदा अपमान करून घ्यायला आले होते. पिशवीतले कागद तुमच्यापुढे ठेवले आणि पाठ केल्यासारखं सगळं बोलून टाकलं.

तुम्ही कागदांना हात लावला नाहीत. आधी उठलात, भिंतीजवळची खुर्ची ओढत आणलीत, टेबलाच्या पलीकडे नाही, तुमच्या बाजूला. आईला तिच्यावर बसवलंत. आणि माझ्याकडे न बघता तिला विचारलंत, "आजी, बाबा फौजेत होते तेव्हा तुम्ही त्यांना पत्र लिहायचात का हो?"

आई बावचळली. इतक्या हेलपाट्यांत तिला थेट कुणी काही विचारलंच नव्हतं. सगळे माझ्याशी बोलायचे, तिच्या डोक्यावरून. म्हणाली, "मला कुठलं ल्हिता येतंय? मास्तर ल्हित हुते. मी सांगायची."

"आणि पत्ता?"

"पत्ता बी मीच सांगायची की."

"आठवतो का आजी?"

आणि आईनं सांगितला, ताई. मान खाली घालून, दळताना ओवी म्हणावी तसा. आधी नंबर, सातच्या सात आकडे, न अडखळता. मग शिपाई, मग अण्णांचं पूर्ण नाव, मग कंपनी, मग एक मराठा लाइट इन्फंट्री, मग "द्वारा नव्व्याण्णव एपीओ", म्हणजे फौजेचं पोस्ट. शेवटी म्हणाली, "गावाचं नाव नसायचं बघा त्यात. नंबर चुकला तर कागद कुठं जाईल, कुनाला ठावं? म्हनून रोज सांजच्याला दिवा लावताना म्हनायची."

मला हे माहीत नव्हतं. बावन्न वर्षांची झाले मी. माझी आई लढाईच्या त्या महिन्यांत देवापुढं स्तोत्र नव्हे, नवऱ्याचा आर्मी नंबर म्हणत होती, हे मला तुमच्या टेबलापाशी कळलं.

तुम्ही ती सांगत असताना लिहून घेत होतात. मग म्हणालात, "मेडल आहे ना आजी? द्या बरं." आणि ते दोन्ही हातांत घेतलंत. पेनानं नाही, हातांत. खिडकीकडे धरून त्याची कड फिरवत फिरवत वाचलीत. मेडलच्या कडेला नंबर कोरलेला असतो हे मलाही ठाऊक नव्हतं, ज्यांनी ते बाजूला सारलं त्यांनाही नसावं. मग डिस्चार्ज बुक उघडलंत. कागदावरचा, मेडलवरचा आणि आईच्या तोंडचा, तिन्ही आकडे सारखे. तुम्ही ओढणीच्या टोकानं मेडल पुसलंत आणि आईच्या तळहातावर ठेवून तिची मूठ मिटवलीत.

एवढंच म्हणालात: "आजी, तुम्हीच त्यांच्या."

पुढचं काही मी इथं लिहीत नाही. दोन नावांच्या प्रतिज्ञापत्राचं काय झालं, कुठल्या शिक्क्यासाठी तुम्ही स्वतः जिना चढून वर गेलात, हे तुम्हाला माहीत आहे. आईच्या पाठांतरावर पेन्शन मिळत नाही, कागद लागतातच, आणि ते तुम्ही लावून घेतलेत. पेन्शन सुरू झाली. पण आईचं जे गेलं होतं ते पेन्शन यायच्या आधी, त्या खुर्चीवरच परत आलं. त्या दिवशी एसटीत ती खिडकीशी बसून मला जमालपूर सांगत होती, तिच्या बाजूचं जमालपूर. रेडिओ फक्त पाटलांच्या वाड्यात होता, बायकांना आत जाता यायचं नाही, तर ही भिंतीला कान लावून बातम्या ऐकायची. १६ डिसेंबरला ढाका पडल्याचं तिनं असंच भिंतीतून ऐकलं. लोक गुलाल उधळत होते आणि ही घरी येऊन चूल न पेटवता बसून राहिली, अण्णांचं पत्र येईपर्यंत तिला काही सुधरेना. पत्र आलं जानेवारीत. त्यात काय होतं विचारलं तर लाजली. पंच्याहत्तरीच्या पुढची बाई, ताई, लाजली.

तुम्ही फौजी घरातल्या नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तुमचे वडील शिवणकाम करतात. मग मेडलच्या कडेचं कसं माहीत, असं मी विचारलं तर म्हणालात, "इथं नोकरीला लागल्यावर एका आजोबांनी दाखवलं होतं." मला याचंच फार वाटत राहिलं. एका म्हाताऱ्या सैनिकानं कधीतरी काही दाखवलं आणि तुम्ही ते नीट बघितलंत, लक्षात ठेवलंत. आमच्या सातारा जिल्ह्यात सैनिकांचं काय कौतुक होतं म्हणून सांगू. अपशिंगे मिलिटरीसारखं घरटी सैनिक असलेलं गाव आमच्याकडे, चौकाचौकांत कमानी, भाषणांत छत्रपतींच्या मावळ्यांची नावं. ते सगळं हवंच. पण कमानीखालून चालत आलेल्या म्हातारीला बसायला खुर्ची कोण देतं, हे मी आता बघते. माणसाला माणूस म्हणून बघायला तुम्हाला पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, आणि ज्यांनी बघितलं नाही त्यांचाही वेळ काही वाचला नाही. तीन हेलपाट्यांचा वेळ त्यांचाही गेलाच.

त्या साहेबांचं नाव मी इथं घेणार नाही. अण्णांना आवडलं नसतं. पण त्यांच्या वाचनात हे आलं, तर त्या प्रश्नातली बाई कोण होती हे त्यांना कळावं, एवढ्यासाठी नंबरची गोष्ट सविस्तर लिहिली.

ताई, आईनं तुमच्यासाठी गोधडी शिवायला घेतली आहे. अण्णांच्या जुन्या धोतरांचं अस्तर लावते आहे. तुम्ही नको म्हणाल, मी तिला तसं सांगितलंही, पण ती ऐकत नाही. सुईत दोरा मी ओवून देते, टाके तीच घालते. पूर्ण झाली की घेऊन येऊ.

काल संध्याकाळी दिवा लावताना तिनं मला विचारलं, "त्या पोरीचा नंबर काय गं?" मला वाटलं फोन नंबर हवाय. मी मोबाईल पुढं केला. तर म्हणाली, "त्यो न्हवं. सरकारी नोकरीत हाय न्हवं ती? मग तिला बी नंबर आसंल की. सांग मला. पाठ करून ठिवते."

तुमची,
नाईकांची लेक
वडूज